वाचक-सहाय्यक हवा का?

मळमड्डी, धारवाड
रविवार, १९ जानेवारी २०२५

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: माझी नात गौतमी, वय अकरा, हिला सहावीच्या प्रवेशासाठी कोणत्याही सवलतीची आवश्यकता नाही, ती केवळ गुणवत्तेवर वरच्या वर्गात बसण्यास पात्र आहे.

तेहेतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविल्यामुळे मला सवय अशी की, आधी सिद्ध करावयाचे विधान मांडावे, मग कारणे द्यावीत आणि भावनेला शेवटपर्यंत दाराबाहेर बसवावे. येथेही तोच क्रम पाळीन.

पार्श्वभूमी. गौतमीची शाळा पाचवीपर्यंतच आहे. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरील एका शाळेत सहावीपासून दोन विशेष वर्ग आहेत. वरच्या मजल्यावर 'प्रज्ञा' वर्ग: निवडक चाळीस मुले, लेखी परीक्षेतून घेतलेली. तळमजल्यावर 'आधार' वर्ग: लिहिण्यावाचण्याची अक्षमता असलेली मुले, प्रमाणपत्र पाहून घेतलेली. परीक्षा २३ फेब्रुवारीस आहे.

माझ्या सुनेने, रेखाने, मला न विचारता गौतमीची तपासणी करविली. अहवाल काल आला. त्यात दोन विधाने आहेत. पहिले: तर्क आणि आकृतिबोध यांत ही मुलगी तिच्या वयाच्या शंभरांतील नव्व्याण्णव मुलांच्या पुढे आहे. दुसरे: तिचे वाचन दुसरीच्या मुलाइतके आहे, डिस्लेक्सिया. शिफारस अशी की, परीक्षेत प्रश्न वाचून दाखविणारा सहाय्यक द्यावा.

जी वाचू शकत नाही ती शिकेल कशी? शिकली नसेल तर नव्व्याण्णवांच्या पुढे जाईल कशी? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पहिले खरे आहे हे मी स्वतः जाणतो. म्हणून दुसरे खोटे.

पुरावा. गौतमी रोज सायंकाळी सात वाजता समाजशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातील एक पान मला वाचून दाखविते. मी डोळे मिटून ऐकतो, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. गेल्या दोन महिन्यांत एकही चूक झालेली नाही.

तिचे लेखी गुण बेताचे आहेत हे मान्य. शिक्षिका म्हणतात, निष्काळजीपणा. तो दूर करता येतो.


शुक्रवार, २४ जानेवारी

समोरच्या घरातील राणी रोज तीन ते चार येऊन बसते. दोघी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसतात. पण अभ्यास होतो असे मला वाटत नाही. राणी एकसारखी बोलत असते आणि गौतमी आभाळाकडे पाहत असते. शिवाय राणी शेंगदाण्याचे लाडू फार खाते. कमळाला म्हटले, "या मुलीला रोज लाडू कशासाठी?"

"घसा सुकतो की तिचा," कमळा म्हणाली.

माझ्या पत्नीच्या उत्तरांत कार्यकारणभाव शोधणे मी फार पूर्वी सोडले आहे.


मंगळवार, २८ जानेवारी

आज गौतमीचे वाचन चालू असता दिवे गेले. ती थांबली नाही. अंधारातच परिच्छेद पूर्ण करून मग म्हणाली, "अप्पाजी, करंट गेलाय."

एकाग्रतेचे याहून उत्तम उदाहरण मी पाहिलेले नाही. येथे नोंदवून ठेवतो.


रविवार, २ फेब्रुवारी

रेखाची आज सुट्टी होती. ती इस्पितळात परिचारिका आहे. यशपाल, माझा मुलगा, रेल्वेच्या नोकरीत गुंटकलला असल्याने घरातील वाद आम्हा दोघांनाच घालावे लागतात.

ती म्हणाली, "मामंजी, अर्ज तुम्हीच भरा. घरात अक्षर तुमचंच चांगलं. वाचक-सहाय्यक हवा का, असं विचारलंय. तिथं 'हवा' लिहा आणि रिपोर्ट जोडा."

मी म्हणालो, "एकदा प्रमाणपत्र जोडले की ते जन्मभर जोडलेले राहते."

"रिपोर्ट म्हणजे चष्म्याचा नंबर असतो तसं आहे हो."

"चष्मेवाल्याला कोणी वेगळ्या मजल्यावर बसवीत नाही."

यावर ती उठली. मुद्दा मला मिळाला असे वाटले, परंतु जाता जाता ती म्हणाली, "माझं नर्सिंगचं अॅडमिशन आपल्या जातीच्या सर्टिफिकेटवर झालं. बावीस वर्षं सुया टोचतेय. दुखतं का, एवढंच विचारतात लोक. सर्टिफिकेट कोण विचारत नाही."

मला विचारले होते. १९७८ साली मी खुल्या जागेवर, गुणवत्तायादीत पहिला क्रमांक घेऊन रुजू झालो. पहिल्याच दिवशी कार्यालयातील कारकुनाने सर्वांच्या देखत हात पुढे केला: "सर्टिफिकेट आणलंय न्हवं?" मी सांगितले, लागत नाही. तो हसला. निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्याने माझे कौतुक केले: मिळालेल्या सवलतीचे यांनी सोने केले. टाळ्या वाजल्या. मी आभार मानले.

आरक्षण हा हक्क आहे, उपकार नव्हे, हे मी स्वतः कितीतरी व्यासपीठांवरून सांगितले आहे. रेखाचे प्रवेशपत्र मला कमीपणाचे वाटले नाही, वाटत नाही. तरीही गौतमीच्या बाबतीत माझे मत वेगळे का, याचे कारण वरच्या परिच्छेदात आहे की ते कारणच नाही, हे ठरविता येत नाही.


बुधवार, ५ फेब्रुवारी

अर्ज भरला. 'वाचक-सहाय्यक हवा का?' यापुढे 'नको' असे लिहिले. 'नको' लिहिल्यावर अहवाल जोडण्याचे प्रयोजन उरत नाही. म्हणून तो माझ्या कपाटात ठेवला.

रेखाने विचारले, "भरला का?" मी म्हणालो, "भरला." काय भरले, हे तिने विचारले नाही.


बुधवार, १२ फेब्रुवारी

माघ पौर्णिमा. सायंकाळी घरी वंदना झाली. सर्व गाथा गौतमीने म्हटल्या. पुस्तक हातात होते. पाने उलटावयाची मात्र ती विसरली.

नंतर खीर खाताना माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारले, "अप्पाजी, आईच्या त्या रिपोर्टमध्ये काय आहे?"

लपविण्याचे कारण नव्हते. दोन विधाने सांगितली आणि ती परस्परविरुद्ध कशी आहेत हेही समजावले. तिने चमचा वाटीत ठेवला.

"आज्जी आतून हाक मारते ती तुम्हाला ऐकू येत नाही."

"बरोबर."

"पण रेडिओवर बातम्यांत चूक झाली की तुम्हाला लगेच ऐकू येते."

"मग?"

"मग तुम्ही बहिरे आहात की नाही?"

आतून कमळा म्हणाली, "हौदू! खरंय की. आता सांगा की उत्तर."

हा दृष्टांत लागू पडत नाही, असे मी सांगितले. का पडत नाही हे नंतर लिहून काढण्याचा प्रयत्न केला. दोन पाने लिहिली, फाडली.


रविवार, २३ फेब्रुवारी

परीक्षा. चिगरी बसने हुबळीस गेलो. कमळाही आली, मुलगी आत गेल्यावर ती मला दाजीबानपेठेत कापड पाहावयास घेऊन गेली. दुकानात तिने एकही ठाण उलगडायला लावले नाही, नुसती बसून राहिली. दुकानदार दोनदा म्हणाला, "अक्का, एनु तोर्सली?" काय दाखवू, हे तिला ऐकूच गेले नाही. आमच्या दोघांतील बहिरे कोण, असा प्रश्न मला पडला.

साडेबाराला गौतमी बाहेर आली.

"कसा गेला पेपर?"

"झाला."

"प्रश्न सोपे होते?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चित्रांचे सोपे होते." आणि माझी बाही ओढून: "माझ्या शेजारच्या मुलाला एक मॅडम वाचून दाखवत होत्या. अप्पाजी, तसं मागता येतं?"

बस आली.


सोमवार, ३ मार्च

शाळेतून दूरध्वनी. प्रज्ञा वर्गात निवड नाही. मुख्याध्यापिकांनी उद्या भेटावयास बोलाविले आहे. रेखा इस्पितळातून आली, तिने ऐकले, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सहाय्यक असूनसुद्धा?"

मी सांगितले.

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आले असते. ती म्हणाली, "उद्या रिपोर्ट घेऊन जा," आणि हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.


मंगळवार, ४ मार्च

सविस्तर लिहितो, कारण मला काहीच नीट कळलेले नाही.

मुख्याध्यापिका योगिताबाई चाळिशीच्या आहेत. "बर्री सर, कूड्री," म्हणत स्वतः खुर्ची पुढे ओढली. माझ्या हातातील अहवाल वाचला. मग गौतमीची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. पहिला भाग आकृत्यांचा: पंचवीसपैकी पंचवीस. पुढील भागांत शून्य.

"कोरे आहेत?" मी विचारले.

"कोरे असते तर मी तुम्हाला बोलावलं नसतं. हे बघा."

गणिताचा प्रश्न इंग्रजीत, चार ओळींचा होता. एक गाडी दोनशे चाळीस किलोमीटर अंतर चार तासांत कापते, तर वेग किती. गौतमीने प्रश्नाखाली २४० आणि ४ हे दोनच आकडे उतरवून घेतले होते. त्याखाली त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. चारही बिनचूक, प्रत्येकाभोवती चौकट. पुढच्या प्रश्नांतही तसेच. एका प्रश्नात तीन आकडे होते. तिथे तिने चौदा चौकटी आखल्या होत्या.

"तपासणाऱ्या बाईंना वाटलं, खेळ केलाय," योगिताबाई म्हणाल्या. "मी दोन दिवस बघतेय, सर. तिला प्रश्न वाचता येत नव्हता. म्हणून तिनं जेवढे प्रश्न असू शकतील तेवढ्यांची उत्तरं लिहिली. निवडायचं काम आमच्यावर सोडलं."

मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगितले, निर्णय होत नसेल तर सर्व शक्यता मांडा. एकही सोडू नका. एकाही विद्यार्थ्याने परीक्षेत, दीड तासात, असे केले नाही.

"मग हिला वरच्या वर्गात घ्या," मी म्हणालो.

"वाचता येत नसताना? तिथं पहिल्याच आठवड्यात चाळीस पानं देतात."

"मग खाली?"

"खाली वाचन शिकवतो, छान शिकवतो. पण गणित तिथं चौथीचं चालतं. ही मुलगी महिन्याभरात खिडकीतनं उडी मारेल."

"मग वाचन खाली आणि गणित वर."

"दोन्ही तास दहा वाजताच असतात, सर. दोन्ही याद्यांत नाव असेल अशी मुलगी आत्तापर्यंत आलीच नव्हती. टाईमटेबल करताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी उत्तरपत्रिका पुन्हा स्वतःकडे ओढली. "मलाही कळत नाही काय करायचं, हे तुम्हाला स्पष्ट सांगते."

वय वाढल्यापासून मला न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ भेटतात. न कळणारा अधिकारी माणूस मात्र प्रथमच भेटला. विचित्र म्हणजे त्याने मला धीर आला.

त्यांनी मार्ग सांगितला. सोळा तारखेला गैरहजर मुलांची फेरपरीक्षा आहे. सहाय्यक घेऊन गौतमी तिला बसू शकेल. उत्तीर्ण झाली तर वेळापत्रक बदलून मागण्यासाठी त्यांच्या हातात काहीतरी असेल. परंतु अर्जात 'नको' लिहिलेले आहे. ते बदलावयाचे तर पालकाने आपली नोंद चुकीची होती असे लिहून, सही करून दिले पाहिजे. मुदत शनिवार, आठ तारीख.

"अहवाल पुरेसा नाही का?"

"अहवाल तेव्हाही होता ना, सर?"


बुधवार, ५ मार्च

एक शंका उरली होती. ती दूर केल्याशिवाय सही करणे म्हणजे पुराव्याविना निष्कर्ष काढणे झाले असते. रोजचे बिनचूक वाचन, त्याचे काय?

आज सात वाजता गौतमीने पुस्तक उघडले. मी ते बाजूला ठेवले आणि कालचे वर्तमानपत्र दिले. आणि, प्रथमच, डोळे उघडे ठेवले.

तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवले. ओठ हलले. बोट पुढे गेले, मागे आले. तिच्या कपाळावर घाम होता. अर्धी ओळ झाली असेल. तिने वर्तमानपत्राची घडी घातली, अगदी व्यवस्थित, कडा जुळवून.

"हे राणीनं वाचलेलं नाही अजून," ती म्हणाली.

मला कळण्यास वेळ लागला. कमळा दारात उभी होती. "रोज तीन ते चार राणी वाचते, ही ऐकते. दोनदा ऐकलं की हिला पाठ. मग सात वाजता तुम्हाला. लाडू कशाला, विचारलं न्हवतं का?"

"तुला ठाऊक होते?"

"अहो, पुस्तक उलटं धरलं तरी तुमाला कळलं नसतं. डोळे मिटून बसायची हौस!"

"मला सांगितले का नाही?"

कमळाने गौतमीकडे बोट केले. गौतमी घडी घातलेल्या वर्तमानपत्राकडे पाहत होती.

"तुम्ही ऐकताना हसता, अप्पाजी. थोडंसं. दुसऱ्या कशाला हसत नाही."

दिवे गेल्याच्या दिवसाची नोंद मी पुन्हा वाचली. 'एकाग्रतेचे याहून उत्तम उदाहरण.' ती नोंद खोडणार नाही.


गुरुवार, ६ मार्च

निवेदन लिहिण्यास बसलो. जमले नाही. दोन्ही विधाने खरी आहेत, येथपर्यंत आलो आहे. परंतु मग मी काय सिद्ध करीत होतो? सवलत नको हे मी गौतमीसाठी लिहिले, की त्या हात पुढे केलेल्या कारकुनासाठी? तो कारकून वारून वीस वर्षे झाली. तो माझ्या अर्जावर काय करीत होता?

यशपालला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "अप्पाजी, लहानपणी मलाही तुम्ही असंच वाचायला बसवायचा. मी खरंच वाचायचो. तेव्हा हसला नाहीत कधी." आणि हसला. हा विनोद होता की तक्रार, कळले नाही. विचारले नाही.


शुक्रवार, ७ मार्च

निवेदन तयार झाले: दोन पाने, मुद्देसूद. रेखाला वाचावयास दिले. तिने पहिले पान वाचून परत केले. "मला नका दाखवू. जिच्याबद्दल आहे तिला वाचून दाखवा."

म्हणून दुपारी, राणी गेल्यावर, मागच्या पायरीवर बसून गौतमीला वाचून दाखविले. तिने आभाळाकडे पाहत ऐकले. बोटांवर काहीतरी मोजत होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिने मला थांबविले.

"सात कारणं झाली, अप्पाजी. चूक अजून आली नाही."

"पुढच्या परिच्छेदात आहे."

"मॅडम तिथपर्यंत वाचतील?"

"कारणांवाचून विधान अधांतरी राहते, गौतमी."

तिने विचार केला. "पेपरात मी सगळ्या चौकटी लिहिल्या, कारण मला माहीत नव्हतं कुठली बरोबर ते. तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग एकच लिहा की."

आतून दरवळ आला. कमळा उद्याचे लाडू करीत होती. मी दोन्ही पाने फाडली आणि तिथेच, मांडीवर वही घेऊन, नव्याने लिहिले. वाचून दाखविले. एक शब्द तिने बदलून मागितला: मी 'बालिकेला' लिहिले होते, तिला स्वतःचे नाव हवे होते. उद्या सकाळच्या बसने नेऊन देईन. सोळा तारखेला काय होईल, दहा वाजता ती कोणत्या मजल्यावर असेल, हे मला सांगता येत नाही. प्रत येथे ठेवतो.

"प्रवेश-अर्जात 'वाचक-सहाय्यक हवा का?' या प्रश्नापुढे मी 'नको' असे लिहिले. गौतमीला मी विचारले नव्हते. ती माझी चूक आहे.

अप्पाजी सटवाजी मेत्री
मळमड्डी, धारवाड. ७ मार्च २०२५

वरील मजकूर गौतमीला वाचून दाखविला. तिला मान्य आहे."